आपल्या पैशांतून झालेलं संशोधन आपल्यालाच का वाचता येत नाही?

सरकारी पैशांतून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून जे संशोधन होतं ते ज्याला कुणाला वाचावंसं वाटेल त्याला घरबसल्या, पूर्ण आणि फुकट वाचता आलं पाहिजे, आणि तेही छापून आलं त्याच दिवशी, वर्षभराने नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी शक्य तितकं ठासून मांडणार आहे. उदाहरणं तीन क्षेत्रांतली घेतोय, क्वांटम फिजिक्स, संगीत शिक्षण आणि रिझर्व्ह बँकेचं पतधोरण. या तिघांचा एकमेकांशी काय संबंध असं कुणीही विचारेल. पण मुद्दाम घेतली, कारण एकात हा प्रश्न बराचसा सुटलाय, एकात अर्धवट सुटलाय आणि एकात जवळजवळ सुटलेलाच नाही, आणि ज्यात सुटलेला नाही तिथल्या माणसाला कुणी विचारतही नाही.

आधी हा सगळा व्यवहार चालतो कसा ते बघू, कारण शिकलेल्या लोकांनाही तो नीट माहीत नसतो. प्राध्यापकाचा पगार सरकार देतं, लॅब सरकारची, पीएचडीच्या मुलांची फेलोशिप सरकारची, प्रोजेक्टची ग्रँट सरकारची. संशोधन झालं की पेपर, म्हणजे त्यावरचा लेख, लिहायचा आणि जर्नलकडे, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकाकडे, पाठवायचा. जर्नल तो तपासायला दुसऱ्या दोन-तीन प्राध्यापकांकडे देतं, ते लोक आठवडेच्या आठवडे खर्च करून बारकाईने तपासतात, आणि बहुतेक वेळा त्याचे त्यांना एक पैसाही मिळत नाही. पेपर स्वीकारला की लेखक कॉपीराईट प्रकाशकाच्या नावावर सही करून देतो. आणि मग तोच पेपर वाचायला त्याच प्राध्यापकाच्या युनिव्हर्सिटीची लायब्ररी त्याच प्रकाशकाला दरवर्षी वर्गणी भरते, पुन्हा सरकारच्याच पैशातून. पेरणी आपण केली, राखण आपण केली, मळणी आपण केली आणि वर आपलीच ज्वारी आपण अडत्याकडून चढ्या भावाने विकत आणतोय. एल्सव्हियर ही यातली सगळ्यात मोठी कंपनी, तिच्या जर्नलच्या धंद्यात नफ्याचं प्रमाण वर्षानुवर्षं ३७-३८ टक्क्यांच्या घरात आहे. छपाईचा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा, एवढा नफा कुठे असतो का म्हणून.

आणि ज्याच्या मागे युनिव्हर्सिटी नाही, त्याला? त्याला एकेक पेपर सुटा विकत घ्यायची सोय आहे, साधारण ३० ते ४० डॉलरला. म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपये, दहा-पंधरा पानांचे, तेही आत काय आहे ते न बघता.

संगीत शिकवणाऱ्यांचं बघा. कुठल्याही तालुक्याच्या गावी गाण्याचे क्लासेस असतात, मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा करत करत विशारदपर्यंत जातात. मुलगा आठवी-नववीच्या वयाचा झाला, आवाज फुटायला लागला की बऱ्याच ठिकाणी त्याचं गाणं थांबवलं जातं, "दोन वर्षं जाऊ दे, मग बघू" असं सांगतात, नाहीतर तबल्याला बसवतात. त्यातले कितीतरी परत गाण्याकडे येतच नाहीत. काही सर याच्या उलट करतात, मुलगा काळी चारच्या उंच पट्टीत गात होता म्हणून त्याला तिथेच गायला लावतात, तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, गळा ताणला जातो, आवाज चिरतो आणि सगळ्या वर्गासमोर पोराचा चेहरा पडतो. दोन्ही सर वाईट नाहीत, त्यांना जसं शिकवलं गेलं तसंच ते शिकवतायत.

आता या नेमक्या प्रश्नावर अभ्यास झालेला आहे आणि तो आजचा नाही. जॉन कुक्सी नावाच्या अमेरिकन संगीत शिक्षकाने १९७० च्या दशकात मुलांच्या फुटणाऱ्या आवाजावर काम केलं, पुढे लंडनमध्येही त्यावर काम झालं. त्याचं सार असं की आवाज एका झटक्यात फुटत नाही, तो ठराविक टप्प्यांनी खाली उतरतो, मधल्या टप्प्यांत रेंज आखडते पण नाहीशी होत नाही, आणि मुलगा कुठल्या टप्प्यावर आहे ते त्याच्या बोलण्याच्या आवाजावरून आणि गाण्याच्या रेंजवरून बऱ्यापैकी ओळखता येतं. म्हणजे गाणं थांबवायची गरज नाही, पट्टी खाली आणायची, मंद्र-मध्यात जे पाच-सहा स्वर आरामात लागतायत तेवढ्यात काम करायचं आणि दर थोड्या दिवसांनी पट्टी पुन्हा तपासायची. पेटीवर दोन मिनिटांचं काम आहे. हे आपल्या तालुक्यातल्या सरांना कळलं तर किती मुलं गाण्यात टिकतील याचा विचार करा.

पण त्यांना कळणार कसं? संगीत शिक्षणावरचं संशोधन येतं ते 'जर्नल ऑफ रिसर्च इन म्युझिक एज्युकेशन', 'ब्रिटिश जर्नल ऑफ म्युझिक एज्युकेशन' अशा जर्नलांमधून, मोठ्या प्रकाशकांच्या दारांआड. ते लिहिणारे प्राध्यापक, वाचणारेही प्राध्यापक, आणि ज्याच्यासमोर रोज संध्याकाळी वीस मुलं बसतात तो माणूस यात कुठेच नाही. भौतिकशास्त्राचा पेपर सामान्य माणसाला फुकट देऊन काय फायदा, असं कुणी म्हणालं तर मी एकवेळ ऐकून घेईन (पटणार नाही, पण ऐकेन). शिकवण्यावरचं संशोधन शिकवणाऱ्याच्या हातात पडत नसेल तर ते केलं कशाला याचं उत्तर मात्र मला अजून कुणी दिलेलं नाही.

आणि कुलूप फोडायचं म्हणाल तर या कामाचा सगळ्यात मोठा दाखला आपल्याच संगीतात आहे. विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६० चा, मुंबईतल्या वाळकेश्वरचे, पेशाने वकील. त्यांच्या काळी ख्याल-धृपदाच्या चीजा, म्हणजे बंदिशी, घराण्यांकडे होत्या आणि घराण्याबाहेर जात नसत. ठेवणीतली चीज शिष्यालाही पटकन मिळायची नाही. लेकीच्या लग्नात हुंड्यात चीजा दिल्याच्या गोष्टी सांगतात त्या सगळ्याच खऱ्या असतील असं नाही, पण तशी गोष्ट तयार व्हावी इतकी ती जपलेली संपत्ती होती हे नक्की. भातखंडे देशभर फिरले, दक्षिणेत गेले, जुने ग्रंथ धुंडाळले, उस्तादांना विनवलं, काहींकडे रीतसर शिकले, आणि जे मिळालं ते नोटेशनसकट, म्हणजे स्वरलिपीत लिहून, छापून टाकलं. क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग, त्यात शेकडो बंदिशी, बाजारात कुणीही जाऊन विकत घ्याव्या अशा. त्याआधीच त्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' लिहायला घेतली, चार भाग, आणि ती लिहिली मराठीत, गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात, म्हणजे बोलीच्या जवळ. शास्त्राचा गाभा संस्कृतात मांडलेला होताच, तोही त्यांनीच, पण शिकणाऱ्यांसाठी मराठी. तिकडे विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, फी भरेल त्याला शिकवणारी शाळा. दोघांच्या पद्धती वेगळ्या, मतभेदही होते, पण आज नांदेड-सिंधुदुर्गातली मुलगी यमनची बंदिश पुस्तकात बघून बसवू शकते ती या दोघांमुळे.

भातखंड्यांवर टीकाही झाली. नोटेशनवरून गायकी येत नाही, हे खरंच आहे. उस्तादांबद्दल ते अनेकदा फार कडक बोलले, तेही खरं. आणि उस्तादांची बाजूही समजून घ्यायला हवी, त्या चीजा त्यांच्या पूर्वजांनी रचलेल्या, त्यांनी आयुष्यभर घासलेल्या, आणि त्यांचं पोट त्यावर होतं, राजेरजवाड्यांच्या लहरीवर जगणाऱ्या माणसाने आपली पुंजी जपली तर त्यात चुकलं काय? पण आजचा जर्नल प्रकाशक त्या उस्तादांच्या जागी बसत नाही. त्याने यातली एकही चीज रचलेली नाही, एकही रियाझ केलेला नाही. रचणारे वेगळे, तपासणारे वेगळे, पैसे देणारी जनता, आणि मालकी मात्र त्याची. उस्तादांचं कुलूप उघडायला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपण एवढा जोर लावला आणि हे कुलूप आपण चुपचाप भाडं देऊन चालवून घेतोय हे मला खरंच समजत नाही.

क्वांटम फिजिक्सवाल्यांनी ते चालवून घेतलं नाही, म्हणून ते उदाहरण महत्त्वाचं. तिथे पूर्वी अशी पद्धत होती की पेपर जर्नलमध्ये यायच्या आधी त्याच्या प्रती काढून पोस्टाने ओळखीच्या ठिकाणी पाठवायच्या. ओळखीच्या म्हणजे हार्वर्ड, प्रिन्स्टन, सर्न वगैरे. जो त्या यादीत नाही त्याला नवीन काम महिनोन्महिने उशिरा कळायचं. १९९१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस लॅबच्या पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने एक कॉम्प्युटर सर्व्हर सुरू केला, पेपर तिथे टाकायचा आणि कुणीही उतरवून घ्यायचा. तेच आजचं अर्काइव्ह. १९९४ मध्ये त्यात क्वांटम फिजिक्सचा वेगळा विभाग निघाला. आज त्यावर वीस लाखांहून कितीतरी जास्त पेपर आहेत आणि लातूरच्या कॉलेजात एमएस्सी करणारी पोरगी आणि एमआयटीचा प्रोफेसर एकाच सकाळी एकच यादी वाचतात. पीटर शोरचा तो गाजलेला अल्गोरिदम, ज्याच्यामुळे क्वांटम कॉम्प्युटर आजचं बँकिंगचं कुलूप फोडू शकेल अशी धास्ती सगळ्या जगाला बसली, त्याचा पूर्ण पेपर १९९५ पासून तिथे पडलेला आहे, आत्ता मोबाईलवर उघडा.

याच्या उलटं उदाहरणही याच विषयातलं आहे आणि ते आपल्या देशात घडलेलं आहे. क्वांटम क्रिप्टोग्राफीचा, म्हणजे क्वांटमच्या नियमांवर संदेश गुप्त ठेवण्याच्या तंत्राचा, पाया मानला जाणारा बेनेट आणि ब्रासार्ड यांचा पेपर १९८४ च्या डिसेंबरमध्ये बेंगळुरूच्या एका परिषदेत सादर झाला. त्या परिषदेच्या छापील खंडात तो होता, आणि असे खंड किती ठिकाणी पोचतात ते सगळ्यांना माहीत आहे. नीट, सगळ्यांना मिळेल असा तो पुन्हा छापला गेला २०१४ मध्ये. तीस वर्षं! ज्याचा संदर्भ जगभर दिला जातो तो मूळ पेपर.

यावर एक नेहमीचा आक्षेप येतो, की अर्काइव्हवर तपासणी होत नाही, कुणीही काहीही टाकेल. आक्षेप गंभीर आहे म्हणून त्याला धरूनच दोन घटना सांगतो. २०२३ च्या जुलैमध्ये कोरियातल्या काही संशोधकांनी एलके-९९ नावाचा पदार्थ साध्या तापमानाला सुपरकंडक्टर आहे, म्हणजे विजेला अजिबात अडथळा करत नाही, असा दावा अर्काइव्हवर टाकला. जगभर गाजावाजा झाला. पण पेपर उघड होता, कृती उघड होती, त्यामुळे जगभरच्या लॅबनी लगेच तो पदार्थ करून बघितला, त्यात आपली दिल्लीची नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी अगदी पहिल्या काहींमध्ये होती, आणि काही आठवड्यांत दावा निकालात निघाला. दुसरी घटना, अमेरिकेतल्या रंगा डायस यांच्या गटाचे सुपरकंडक्टिव्हिटीचे दोन पेपर खुद्द 'नेचर' या नामांकित जर्नलमध्ये आले, रीतसर तपासणी होऊन. पहिला २०२० मधला, तो मागे घेतला गेला २०२२ मध्ये, दुसरा २०२३ मधला, तोही त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. तेव्हा तपासणी हवीच, पण तिच्यासाठी दाराला कुलूप लागतं असं नाही, आणि जितके जास्त डोळे तितकी चूक लवकर सापडते.

आता पतधोरण. रिझर्व्ह बँक रेपो रेट ठरवते, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, आणि ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग रेटची घरकर्जं बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेली आहेत, त्यामुळे मुंबईत मिंट रोडला सहा जणांच्या समितीने हात वर केला की डोंबिवलीतल्या माणसाचा ईएमआय हलतो. या बाबतीत रिझर्व्ह बँकेचं कौतुक केलं पाहिजे. २०१६ च्या कायदा दुरुस्तीनंतर बैठकीपासून चौदाव्या दिवशी मिनिट्स, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, जाहीर होतात, कोणी काय मत दिलं आणि का दिलं हे नावानिशी. बुलेटिन फुकट, अहवाल फुकट. रिझर्व्ह बँकेनेच १९८७ मध्ये काढलेली गोरेगावची इंदिरा गांधी इन्स्टिट्यूट ही अर्थशास्त्राची संस्था, तिचे वर्किंग पेपर, म्हणजे जर्नलच्या तपासणीआधीचे मसुदे, फुकट. अर्थशास्त्रज्ञ एकूणच वर्किंग पेपर आधी उघडा ठेवतात, म्हणून मी याला अर्धवट सुटलेलं म्हणतोय, कारण शेवटचा, तपासलेला, दुरुस्त केलेला पेपर पुन्हा जर्नलच्या आतच जातो आणि त्यात आकडे बदललेले असू शकतात.

हे किती महत्त्वाचं आहे ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. महागाईचं ४ टक्क्यांचं लक्ष्य, खाली-वर २ टक्के, याचा फेरविचार करायला रिझर्व्ह बँकेने एक चर्चापत्र काढलं आणि लोकांकडून मतं मागवली. लक्ष्य एकूण महागाईवर ठेवायचं की खाद्यपदार्थ आणि इंधन वगळून, हा त्यातला एक प्रश्न. ज्या देशात महागाईच्या जुन्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के होता तिथे हा प्रश्न थेट गृहिणीच्या बाजाराच्या पिशवीचा आहे. लोकांना मत विचारलं ही फार चांगली गोष्ट झाली. पण मत द्यायचं तर इतर देशांत काय झालं, तिथल्या अभ्यासकांनी काय मोजलं हे वाचावं लागतं, आणि तिथे गेलं की पुन्हा चाळीस डॉलर.

मराठी माणसाला तर हे लगेच कळायला हवं. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयावरचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने आला. गोल्ड एक्स्चेंज स्टँडर्डची, म्हणजे रुपयाचा दर सोन्यावर आधारलेल्या परकी चलनाशी बांधायची आणि ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सने जिची बाजू घेतली होती त्या व्यवस्थेची, त्यांनी त्यात चिरफाड केली, आणि रुपयाच्या विनिमय दरापेक्षा त्याची देशातली खरेदीची ताकद स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं असं मांडलं. पुढे भारतीय चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनसमोर त्यांनी साक्षही दिली. हे काम कशाच्या जोरावर झालं? बुद्धीच्या, कष्टाच्या, हे तर आहेच, पण लंडनच्या लायब्रऱ्यांमध्ये बसून सरकारी अहवाल, जुनी कागदपत्रं वाचता आली म्हणूनही. तिथवर पोचायला त्यांना काय काय सोसावं लागलं ते सगळ्यांना माहीत आहे. आज त्यांचं ते पुस्तक महाराष्ट्र सरकारने छापलेल्या समग्र वाङ्मयाच्या सहाव्या खंडात आहे आणि ऑनलाईन फुकट मिळतं. शंभर वर्षांपूर्वीचं मिळतं आणि गेल्या वर्षी आपल्याच ग्रँटमधून झालेलं मिळत नाही, ही अवस्था बदलायला हवी.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर झालं, म्हणजे सगळ्या सरकारी संस्थांसाठी मिळून जर्नलांची एकच वर्गणी. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास तेरा हजार जर्नलं, सुमारे ६,३०० सरकारी संस्था, १.८ कोटी विद्यार्थी-प्राध्यापक-संशोधक. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. याचा फायदा होतोय हे मी मान्य करतो, ज्या छोट्या सरकारी कॉलेजात लायब्ररीला बजेटच नव्हतं तिथली मुलं आज जर्नल वाचतायत आणि ती सोय त्यांच्याकडून काढून घ्या असं मी म्हणणार नाही. पण एक आकडा शेजारी ठेवून बघा. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेलं नॅशनल क्वांटम मिशन, ज्यातून आयआयटी मुंबईला क्वांटम सेन्सिंगचं केंद्र उभं राहतंय, ते सगळं मिळून आठ वर्षांसाठी ६,००३ कोटींचं आहे. म्हणजे देशाच्या क्वांटम संशोधनावर आठ वर्षांत जेवढे खर्च करायचे तेवढेच आपण जर्नलं वाचायच्या परवानगीसाठी तीन वर्षांत देतोय, आणि तीन वर्षं संपली की पुन्हा देणार. हे भाडं आहे. आणि भाड्याच्या घरातही तालुक्यातल्या गाण्याच्या सरांना जागा नाही, खासगी कॉलेजच्या मुलांना नाही, रिटायर झालेल्या प्राध्यापकाला नाही, सरकारी संस्थेचं लॉगिन ज्याच्याकडे नाही अशा कुणालाच नाही. त्यातले कित्येक जण साय-हबवरून, म्हणजे कुलूपबंद पेपर परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या साईटवरून, काम भागवत होते, तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली हायकोर्टाने ते ब्लॉक करायचा आदेश दिला. कायद्याच्या बाजूने कोर्टाचं म्हणणं समजू शकतं, पण वाचणाऱ्याची गरज त्या आदेशाने संपत नाही.

दुसरा रस्ता काही लोक सुचवतात तो म्हणजे लेखकाने पैसे भरायचे आणि पेपर सगळ्यांना फुकट. मला तो मान्य नाही. 'नेचर'ने ही सोय सुरू केली तेव्हा एका पेपरचे ९,५०० युरो सांगितले होते, एवढ्यात आपल्याकडे पीएचडीच्या मुलाची निदान दीड वर्षाची फेलोशिप होते. आणि पैसे घेऊन छापायची एकदा सवय लागली की काय होतं ते आपल्याकडच्या बोगस जर्नलांच्या सुळसुळाटाने पुरेसं दाखवलंय.

करायचं काय, तर नवीन काही शोधायची गरज नाही. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी पीएचडीचे प्रबंध ऑनलाईन ठेवणं बंधनकारक केलं, त्यातून शोधगंगा उभी राहिली, आज तिथे लाखो प्रबंध आहेत, मराठीतलेही, आणि ते वाचायला कुणी ओळखपत्र मागत नाही. प्रबंधाला जे लागू केलं ते पेपरला का नाही? डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी तसं धोरण काढलंसुद्धा, आमच्या पैशातून झालेल्या पेपरची शेवटची प्रत खुल्या भांडारात टाका म्हणून. ते कागदावर राहिलं कारण न टाकणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. अमेरिकेत एनआयएच या आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेने दात असलेला नियम केला, आणि १ जुलै २०२५ पासून तर पेपर छापून आला की लगेच खुला, आधीची बारा महिन्यांची सवलतही काढून टाकली. बेंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस 'प्रमाण' हे भौतिकशास्त्राचं जर्नल चालवते, त्याच्या पीडीएफ तिच्या साईटवर फुकट आहेत. म्हणजे होऊ शकतं.

माझं मागणं असं की पुढची ग्रँट, बढतीचे गुण, प्रोजेक्टचा शेवटचा हप्ता यांना हे जोडा, प्रत भांडारात नसेल तर हप्ता नाही. आणि महाराष्ट्र सरकारच्या पैशातून जे होतं त्याला आणखी एक अट, दोन पानांचा मराठी सारांश, कळेल अशा भाषेत, लेखकानेच लिहिलेला. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यावर समारंभ बरेच झाले, त्यातलं काही बजेट या सारांशांच्या संपादनावर खर्च करा. शिक्षण, शेती, आरोग्य, संगीत या विषयांपासून सुरुवात करा कारण तिथे वाचणारा माणूस त्याच आठवड्यात ते वापरणार आहे.

सबस्क्रिप्शनचे करार २०२७ च्या शेवटी संपतायत. नवीन करार करताना निदान एक कलम घालून घ्यायचं, की भारतीय सरकारी पैशातून झालेला कुठलाही पेपर, तो कुठल्याही जर्नलमध्ये येवो, पहिल्या दिवसापासून खुला असेल आणि त्यासाठी लेखकाकडून वेगळे पैसे घेतले जाणार नाहीत. सहा हजार कोटींचं गिऱ्हाईक एवढी अट घालू शकतं. त्याची बोलणी २०२७ च्या डिसेंबरात नाही, आत्तापासून सुरू व्हायला हवीत, आणि आपल्या युनिव्हर्सिट्यांच्या कुलगुरूंनी, लायब्ररियननी आणि खासदारांनी ती कोण करतंय, काय मागतंय हे आत्ताच विचारायला हवं.